कात्रणांचा हिशेब: पहिल्या एकल कोलाज-प्रदर्शनाचं वर्ष

मागच्या वर्षी जानेवारीत मी पहिल्या एकल प्रदर्शनासाठी गॅलऱ्यांकडे अर्ज करायला सुरुवात केली आणि यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस चित्रं भिंतीवरून उतरवून घरी आणली. मधल्या काळात रंगवणाऱ्या मित्रमैत्रिणींनी खूप मदत केली, पण मी जिथे जिथे अडले तिथलं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. रंगाची ट्यूब कुठून आणली, हे त्यांना कुणी विचारत नाही. कोलाजमध्ये, म्हणजे कात्रणं चिकटवून केलेल्या चित्रात, कागद दुसऱ्याने छापलेला, फोटो तिसऱ्याने काढलेला, आणि तो कागद किती वर्षं टिकेल हे आपल्याला ठाऊक नसलेलं. प्रदर्शन लावायचं ठरवलं की हे सगळे प्रश्न एकामागून एक येतात. ते कधी आणि कसे आले, ते क्रमाने लिहिते आहे.

आधी स्टुडिओबद्दल थोडं. एक मोठं टेबल, सपाट खणांचं कपाट आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, एवढाच तो आहे. कात्रणं मी विषयानुसार लावत नाही, रंगानुसार लावते. ‘इमारती’, ‘माणसं’, ‘फुलं’ असे खण केले की इमारतीचं कात्रण शेवटपर्यंत इमारतच राहतं. निळ्यांच्या खणात मात्र समुद्र, शाईची जाहिरात आणि कुणाच्या तरी शर्टाची बाही शेजारीशेजारी पडून असतात, आणि हात घातला की नको ते हाती लागतं, जे बऱ्याचदा हवं असतं. अपवाद दोनच: अक्षरं आणि हात. हात रंगावरून सापडत नाहीत, बोटांच्या ठेवणीवरून शोधावे लागतात.

सकाळचा वेळ निव्वळ निवडण्यात जातो. कापणं दुपारी, उजेड भरपूर असताना. मासिकाचा गुळगुळीत कागद कापला की कडेला कागदाच्या पोटातली पांढरी रेघ उघडी पडते. गडद कागदावर तो तुकडा ठेवला की ती रेघ फार खुपते. पातं अगदी उभं न धरता त्याचं टोक तुकड्याच्या खाली आत वळेल असं कलतं धरलं, तर पांढरी कड वरच्या छापील थराखाली लपते. तरी थोडी उरलीच तर जवळच्या रंगाची पेन्सिल कडेवरून हलकेच फिरवायची. पातं बोथट झालं की कागद कापला जात नाही, ओढला जातो. म्हणून पाती बदलायला मी हात आखडत नाही. चिकटवणं सगळ्यात शेवटी. मांडणी झाली की फोटो काढते, वर काच ठेवते आणि दोन-तीन दिवस ती तशीच राहू देते. काच उचलून पुन्हा बघताना कोणता तुकडा फुकट जागा अडवून बसलाय ते दिसतं.

टेबलाशेजारी एक नोंदवही असते. प्रत्येक पान कापायच्या आधी त्याला क्रमांक, आणि वहीत नोंद: कुठलं मासिक किंवा पुस्तक, कोणतं वर्ष, फोटो किंवा चित्र कुणाचं, आणि पान माझ्याकडे कसं आलं. ही सवय मला मेरी डिलेनी या इंग्रज बाईंमुळे लागली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७७२ च्या सुमारास, त्या रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडं उभी करायला लागल्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी हजाराच्या आसपास चित्रं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चित्रामागे त्या वनस्पतीचं नाव, तारीख, जागा आणि रोप कुणी दिलं तेही लिहून ठेवत. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं, म्हणून मीही लिहू लागले. या वहीवर अख्खं प्रदर्शन उभं राहील असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

जानेवारी ते मार्च अर्जांत गेले. फोटो चांगले नसतील तर बाकीचा अर्ज कुणी वाचत नाही, हे आधीच सांगते. कोलाजचे फोटो काढणं अवघड, कारण एकाच चित्रात चकचकीत आणि मॅट कागद असतात, आणि तुकड्यांच्या कडांना उंची असते. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, आणि रंग जुळवण्यासाठी पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड. एक दिवा थोडा मंद केला की कडांची बारीक सावली पडते आणि हे छापील चित्र नाही, चिकटवलेलं आहे, हे कळतं. स्कॅनर लहान कामांना चालतो, पण तो कडा सपाट करून टाकतो. फाइलच्या नावात आपलं नाव, चित्राचं नाव, वर्ष आणि माप लिहावं. निवड करणाऱ्यांसमोर शेकडो फाइल्स असतात.

अर्जात ‘माध्यम’ असा रकाना असतो. तिथे नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहू नये. मी लिहिलं: ‘पुठ्ठ्यावर कागदी कोलाज, जुन्या मासिकांची पानं, हाताने रंगवलेला कागद, गव्हाची खळ’. पुढे ज्या गॅलरीने होकार दिला, तिथल्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं की ती ओळ वाचून त्या थांबल्या होत्या. कलावंताच्या निवेदनाला दीडशे-दोनशे शब्दांची मर्यादा असते. त्यात मोठमोठ्या कल्पना कोंबण्यापेक्षा आपण कागद कसा निवडतो, काय शेजारी ठेवतो आणि का, एवढं नीट सांगितलं तरी पुरतं.

मग वाट बघणं सुरू झालं. काही ठिकाणांहून काहीच कळलं नाही. एका ठिकाणी चित्रं बघायच्या आधीच भिंतीच्या भाड्याची रक्कम आगाऊ मागितली. तिथे मी पुढे गेले नाही. भाडं घेणारं दालन वाईट असतं असं नाही, पण तिथे विक्री, प्रसिद्धी, पहारा हे सगळं आपल्यावर पडतं आणि खर्च चित्रं विकली गेली नाहीत तरी होतोच. एप्रिलचा महिना मला जड गेला. रोज टेबलाशी बसत होते, पण कापलेलं काही जुळत नव्हतं, कारण डोक्यात सतत उत्तराची वाट होती. शेवटी मी फक्त कागद रंगवत बसले.

मेच्या मध्यावर एका गॅलरीचा होकार आला, पुढच्या जानेवारीची तारीख आणि सोबत एक प्रश्न: “तुमच्या चित्रांतले फोटो कुणाचे आहेत? वापरायची परवानगी आहे का?”

जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट या प्रश्नात गेला. नोंदवही उघडून मी प्रत्येक चित्रासाठी तुकड्यांची यादी केली आणि तीन गट पाडले. पहिल्या गटात माझे स्वतःचे फोटो आणि मी रंगवलेला कागद. दुसऱ्यात कॉपीराइटची, म्हणजे कर्त्याच्या हक्काची, मुदत संपलेलं जुनं साहित्य. तिसऱ्यात बाकी सगळं. दुसरा गट वाटतो तेवढा सोपा नाही. कागद जुना आणि पिवळा आहे म्हणून हक्क संपत नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांत बहुतेक कलाकृतींचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. बऱ्याच देशांत ती मुदत ६० किंवा ७० वर्षं आहे, आणि फोटोंचे नियम देशागणिक वेगळे आहेत. त्यामुळे मासिक कोणत्या वर्षाचं यापेक्षा फोटो कुणाचा आणि ती व्यक्ती कधी वारली, हे शोधावं लागतं. मासिकात फोटोखाली बारीक अक्षरांत नाव असतं. कात्रण घेताना तेवढी पट्टी कापून नोंदवहीत चिकटवून ठेवा.

“एवढा छोटा तुकडा आहे, त्याला काय होतंय?” असं मला अनेकांनी सांगितलं. छोट्या तुकड्याला सूट देणारा सरसकट नियम नाही. अमेरिकेतल्या एकाच अपील न्यायालयाने जेफ कून्स या एकाच कलावंताच्या बाबतीत दोन वेगळे निकाल दिले आहेत. एका छायाचित्रावरून केलेल्या शिल्पाच्या खटल्यात तो १९९२ मध्ये हरला. मासिकातल्या फोटोमधले पाय घेऊन कोलाजसारख्या मोठ्या चित्रात वापरले, त्या खटल्यात २००६ मध्ये जिंकला. दुसऱ्या वेळी न्यायालयाने बघितलं ते हे, की त्या फोटोचा उपयोग आणि अर्थ नव्या चित्रात पुरता बदलला होता. हे निकाल त्या देशापुरते, आणि असं भांडण न्यायालयात नेण्याची ताकद माझ्यासारखीत नाही. मी विचारायचं ठरवलं.

परवानगीचं पत्र एका पानाचं असावं. मी कोण; तुमचा कोणता फोटो, कोणत्या अंकातला; चित्रात तो किती आणि कसा दिसतो; चित्राचा फोटो सोबत; चित्र एकच आहे आणि विक्रीला आहे; प्रदर्शनाच्या तारखा; तुमचं नाव लेबलवर कसं हवं; होकार असल्यास खाली सही. शेवटची ओळ फार उपयोगी पडली, लोकांना वेगळं पत्र लिहावं लागलं नाही. उत्तराशिवाय गेलेले आठवडे म्हणजे होकार नव्हे, हेही लक्षात ठेवावं लागलं. एका वयस्कर छायाचित्रकारांनी फोनच केला. त्यांच्या फोटोतली अर्धी खिडकी मी घेतली होती. “बाकीची अर्धी कुठे गेली?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती माझ्या खणात जपून ठेवलीय. ते म्हणाले, “मग तीही वापरा, माझी हरकत नाही. फक्त चित्राची एक प्रत मला पाठवा.” त्यांच्याशी बोलणं झाल्यावर मी कितीतरी वेळ ते चित्र समोर घेऊन बसले. तोवर माझ्यासाठी ते फक्त एक करडं कात्रण होतं. तिथे कुणीतरी उभं होतं, उजेडाची वाट बघत होतं, हे त्या दिवशी नीट जाणवलं.

काहींनी नकार दिला, काही सापडलेच नाहीत. ती चित्रं बाजूला काढली आणि त्यांतली जी सोडवत नव्हती ती नव्याने केली. एप्रिलमध्ये रंगवून ठेवलेले कागद इथे कामी आले. फ्रेंच चित्रकार मातिस उतारवयात मदतनीसांकडून कागदावर गुआश (अपारदर्शक जलरंग) लावून घेत असे आणि मग त्यातून थेट कात्रीने आकार काढत असे. त्याची मोठी कटआउट्स अशीच झाली. स्वतः रंगवलेल्या कागदाला कुणाची परवानगी लागत नाही, रंग आपल्याला हवा तोच मिळतो, आणि कागद किती टिकेल हे आपल्याच हातात राहतं.

टिकण्याबद्दल इथेच सांगते. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. खात्री करायची तर कात्रणाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ते खिडकीत ठेवा. काही आठवड्यांनी झाकलेला आणि उघडा भाग एका कागदाचे वाटत नाहीत. या परीक्षेत ज्या कागदात असा फरक दिसला तो कागद विकायच्या चित्रातून वगळला, किंवा त्याची पिगमेंट शाईने चांगल्या कागदावर प्रत काढून ती वापरली. (प्रत काढल्याने परवानगीचा प्रश्न सुटत नाही.) रबर सोल्यूशन आणि सेलोटेप टाळा, दोन्ही काही वर्षांत पिवळे डाग सोडतात आणि तुकडे सुटतात. मी गव्हाच्या स्टार्चची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवायची चिकट पूड) वापरते, कारण पाण्याने ते पुन्हा सोडवता येतं. पीव्हीए, म्हणजे नेहमीचा पांढरा गोंद, पक्का धरतो, पण एकदा बसला की बसला. आणि पुठ्ठा वाकू नये म्हणून मागेही तेवढाच कागद, तंतूंची दिशा तीच ठेवून, चिकटवायचा. कागद फाडून बघितला की तंतूंच्या दिशेने तो सरळ फाटतो. मग ब्लॉटिंग पेपरमध्ये घालून वजनाखाली, पूर्ण वाळेपर्यंत. घाई केली की पुठ्ठा वाकतो.

याच काळात दोन जोडकामं चालू होती. पहिलं एका कवयित्री मैत्रिणीबरोबर. तिने तिच्या कविता टाइप करून दिल्या आणि मी त्या कापणार होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “अगं, ओळ मधूनच तोडलीस तरी चालेल, पण शब्द बदलू नकोस आणि माझा नसलेला शब्द मध्ये घालू नकोस.” ही अट आम्ही कागदावर घेतली. सोबत नावांचा क्रम, विक्रीतला वाटा, फ्रेमचा खर्च कुणाचा, कविता ती स्वतंत्रपणे छापू शकते का, आणि दोघींपैकी एकीला काम मध्येच थांबवावंसं वाटलं तर काय, हेही लिहिलं. मैत्रीत कागद कशाला, असं दोघींनाही वाटत होतं. विक्रीच्या वेळी बोलायला काहीच उरलं नाही, इतकं ते सोपं झालं.

दुसरं काम पोस्टाने, दुसऱ्या गावातल्या एका कोलाज करणारीबरोबर. रे जॉन्सन हा अमेरिकन कलावंत लोकांना पोस्टाने अर्धवट कामं पाठवायचा आणि भर घालून परत पाठवा म्हणायचा, ती पद्धत आम्ही घेतली. प्रत्येक फेरीच्या आधी फोटो काढायचा, आणि दुसरीने केलेलं झाकायला परवानगी, एवढे दोनच नियम. एका बोर्डावर मी बारीक कापून बसवलेला चेहरा होता, तुकडा तुकडा जोडून केलेला. बोर्ड परत आला तेव्हा त्यावर तपकिरी कागदाचा मोठा आडवा पट्टा होता, चेहरा पूर्ण झाकलेला. मला मनापासून वाईट वाटलं. काही दिवस मी तो बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग एका दुपारी त्या पट्ट्याला एक छोटी चौकट कापली, इतकी की आतून फक्त एक डोळा आणि भुवईचा कोपरा दिसावा. ते चित्र आता माझ्या आवडत्यांपैकी आहे. एकटीने मी तो चेहरा कधीच झाकला नसता. पोस्टाबद्दल एकच सांगते: दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये न चिकटणारा सिलिकॉनचा कागद, आणि पुठ्ठे चारही बाजूंनी तुकड्यापेक्षा मोठे, म्हणजे कोपरा दुमडला तर पुठ्ठ्याचा दुमडतो.

ऑक्टोबरमध्ये करार झाला. सही करण्याआधी विचारून घ्या: कमिशन किती (सर्वसाधारण ३० ते ५० टक्के), ते फ्रेमच्या खर्चासकट किमतीवर की तो वजा करून, विमा कुठून कुठपर्यंत, ने-आण कुणाची, पैसे विक्रीनंतर किती दिवसांत, आणि प्रकाश किती. कागदासाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्सची (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) मर्यादा धरतात. मी ती करारात घालून घेतली. किमतीसाठी मी उंची आणि रुंदी मिळवून एका ठरावीक दराने गुणते, फ्रेम वेगळी धरते, आणि स्टुडिओतली किंमत व गॅलरीतली किंमत एकच ठेवते.

सगळ्यात मोठा खर्च फ्रेमिंगचा. एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग तिथे गेला, म्हणून हा आकडा अर्ज करतानाच काढून ठेवा. फ्रेमवाले काका म्हणाले, “ताई, काच सरळ चित्रावर टेकवू का? फ्रेम पातळ होईल, देखणी दिसेल.” काचेला टेकलेला कागद दमट हवेत तिला चिकटतो. त्यामुळे मध्ये जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा फ्रेमच्या आत पट्टी हवीच. मागचा बोर्ड ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला), आणि चित्र फक्त वरच्या बाजूने जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, दोन पट्ट्यांवर टांगलेलं, म्हणजे हवेप्रमाणे कागद हलू शकतो. काचेऐवजी वापरतात ते पारदर्शक ॲक्रिलिक हलकं असतं आणि फुटत नाही, पण त्यातल्या स्थिर विजेने सुट्या टोकांचे तुकडे उचलले जातात, म्हणून माझ्या सुट्या कडांच्या कामांना मी यूव्ही (अतिनील) किरण गाळणारी काच घेतली. काकांना मी हे एका चित्रावर करून दाखवलं. पुढची सगळी त्यांनी माझ्यापेक्षा नीट केली.

जानेवारीत चित्रं गॅलरीत पोहोचली. उतरवून घेताना प्रत्येकाचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कोणत्या अवस्थेत आहे त्याची नोंद, लिहिला गेला. मी माझ्याकडून आधीच लिहून नेला होता, त्यात ‘डाव्या खालच्या कोपऱ्यातला तुकडा मुद्दाम सुटा ठेवला आहे’ अशा नोंदी होत्या. कोलाजमध्ये हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर सुटं टोक हे नुकसान समजलं जातं. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर धरला. खिळ्याची उंची काढायला त्यात फ्रेमची अर्धी उंची मिळवायची आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर वजा करायचं. ६० सेंटिमीटरची फ्रेम आणि ८ सेंटिमीटर खाली तार असेल तर खिळा १६७ वर. कुठलं चित्र कुठे, हे मात्र मापाने ठरत नाही. सगळी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून दिवसभर हलवत राहिलो, आणि पोस्टाने केलेले बोर्ड शेवटी दारासमोर आले.

लेबलवर चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, माप, आणि खाली ज्यांनी परवानगी दिली त्यांची नावं. उद्घाटनाला मी घाबरले होते, पण लोकांनी विचारलं ते त्या नावांबद्दल. अर्ध्या खिडकीचे छायाचित्रकार दुसऱ्या आठवड्यात आले, चित्रासमोर उभे राहिले, उरलेली अर्धी खिडकी दुसऱ्या चित्रात सापडेपर्यंत हॉलभर फिरले, आणि सापडल्यावर मला हाक मारून दाखवली.

काही चित्रं विकली गेली, बरीच परत आली. उतरवताना पुन्हा कंडिशन रिपोर्ट. एका चित्राची टिश्यूची पट्टी सुटली होती, ती तिथेच नोंदवली. पैसे करारात लिहिलेल्या मुदतीनंतर, एका आठवणीच्या ईमेलनंतर आले. कुणी काय घेतलं तेही आता नोंदवहीत आहे, कारण पुढच्या प्रदर्शनासाठी एखादं चित्र उसनं मागावं लागलं तर घर माहीत हवं. प्रदर्शनात बऱ्याच जणांनी पोस्टकार्डं मागितली. घेतलेल्या परवानग्या मूळ चित्रापुरत्या होत्या, छपाईच्या नव्हत्या, म्हणून मार्चमध्ये सगळ्यांना दुसरं पत्र गेलं, यावेळी प्रतींची संख्या आणि त्यातला त्यांचा वाटा लिहून. पहिल्याच पत्रात छपाईचं विचारलं तर ही फेरी वाचते. काहींच्या सह्या आल्या आहेत. बाकीच्यांच्या आल्या की तेवढ्याच चित्रांची कार्डं छापेन.